तोडलेले रान : दाट लागवड करावी की नुसते राखावे?

दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला तोडलेल्या रानाची दोन-चार एकर जागा हाती आली, की तिथे रोपे लावावीत की ती नुसती राखावी, हा प्रश्न पडतोच. माझ्याकडून दोन्ही झाले. नऊ वर्षांपूर्वी दोन गुंठ्यांत मियावाकी पद्धतीने, म्हणजे अनेक जातींची रोपे एकत्र दाटीने लावून, चौरस मीटरला तीन या हिशेबाने, सहाशेच्या आसपास रोपे लावली. उरलेल्या तीन एकरांसाठी पैसेच उरले नाहीत, म्हणून तिथे फक्त कुंपण घातले.

दिसण्यात लागवड सरस ठरली, हे मान्य करायला हवे. तिसऱ्या पावसाळ्यात तिथे सावली होती, तेव्हा राखलेल्या भागात रानमोडी या तणाचे नुसते माजलेले जाळे होते आणि शेजारी त्याला सरळ पडीक म्हणत. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्याच्या भीतीने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, काढण्याचे काम दोन्हीकडे सारखेच होते. उन्हाळ्यातले पाणी मात्र फक्त लागवडीला लागले.

माझे मन फिरले ते बेणणीमुळे. पहिली तीन वर्षे श्रावण-भाद्रपदात गडी लावून रोपांभोवतीचे रान काढावे लागे. एकदा मागोमाग चालताना पाहिले, तर कोयत्याखाली गवताबरोबर तोडलेल्या कुंभ्याच्या झाडाच्या खुंटाचे हातभर वाढलेले फुटवे गेले, आणि बुलबुलाने आणून टाकलेल्या बीपासून आपोआप उगवलेले पारजांभळाचे रोपही गेले. त्याच्या शेजारी काठीला बांधलेले, विकत आणलेले पारजांभळाचे रोप मात्र सुखरूप राहिले. गड्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण काठी असेल तेवढेच राखायचे, असे मीच सांगितले होते. त्या दिवसापासून बेणणीचा खर्च मला बोचू लागला, तो आजवर.

राखलेल्या भागात ऐन, किंजळ, नाणा यांच्या खुंटांना जुन्या मुळांचे बळ होते, त्यामुळे फुटवे रोपांपेक्षा कितीतरी वेगाने वर गेले. मोकळ्या उजेडात चांदाड्याचे झाड सर्वांआधी वाढले आणि त्याच्या छत्रीसारख्या पानांखाली रानमोडी विरळ होत गेली. सातव्या पावसाळ्यात त्या सावलीत अंजनी आणि पारजांभूळ दिसू लागले. गेल्या वर्षी वाऱ्याने एक चांदाडा मोडला, तेव्हा पडलेल्या उजेडाच्या कवडशात वर्षभरात ऐनाच्या फांद्या शिरल्या आणि खाली जांभळाची रोपे उठली. मियावाकीच्या दोन गुंठ्यांत सगळे शेंडे एकाच उंचीवर आहेत; एखादे झाड मेले तर शेजारची लगेच जागा बुजवतात आणि खाली पालापाचोळ्याशिवाय फारसे काही दिसत नाही. हे निरीक्षण एका जागेचे आहे, त्यामुळे त्याला मोजमाप म्हणता येणार नाही.

अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेत शेती सोडून दिलेल्या जमिनींवर आपोआप परतलेल्या जंगलांचा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार माती दहा वर्षांच्या आत सावरते, जंगलाची ठेवण व प्रजातींची विविधता २५ ते ६० वर्षांत येते, पण मूळच्या प्रजातींचा मेळ जुळायला १२० वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे माझी नऊ वर्षे फार तर मातीच्या हिशेबातली.

तरीही सरसकट सल्ला देणे बरे नव्हे. रबर किंवा अननसासाठी जेसीबीने मुळांसकट उपसलेली जागा असेल, तर फुटवे येणार कुठून? जांभळासारख्या अनेक सदाहरित झाडांचे बी मातीत टिकत नाही, त्यामुळे जवळ देवराई किंवा जुने रान नसेल, तर लागवडीशिवाय गत्यंतर नाही. तशा जागीही मी मियावाकीइतकी दाटी न करता, विरळ पुंजक्यांनी लावीन.

आपली जागा कोणत्या प्रकारची आहे, हे मे महिन्यात रान वाळलेले असताना कळते. चुन्याची पिशवी घेऊन फिरावे आणि प्रत्येक जिवंत खुंटावर खूण करावी. दर दहा-बारा पावलांवर एक खूण पडत असेल, तर रोपांची ऑर्डर निदान एक पावसाळा थांबवावी, असे मला वाटते.