आगबोटीने मिशिगन सरोवर ओलांडताना : ‘एस. एस. बॅजर’ या बोटसेवेचे परीक्षण

अमेरिकेतील मिशिगन राज्याचे सुमारे 40 टक्के क्षेत्रफळ पाण्याने व्यापलेले आहे, कारण या राज्याची हद्द किनाऱ्यावर संपत नाही, ती सरोवरांच्या मध्यापर्यंत जाते. सरोवराकाठच्या मोटारप्रवासाची आखणी करणारे बहुतेक जण फक्त रस्ते पाहतात आणि त्यामुळे राज्याचा हा एवढा मोठा भाग काठावरूनच पाहून परततात. मिशिगनमधील लडिंग्टन आणि विस्कॉन्सिनमधील मॅनिटोवॉक या बंदरांदरम्यान मोटारींसह प्रवाशांना नेणारी ‘बॅजर’ ही बोट आम्ही आमच्या प्रवासात घेतली. ती घ्यावी, असेच माझे मत आहे. मात्र प्रवासाच्या कोणत्या टोकाला घ्यावी, याचा विचार आधी करायला हवा.

‘आगबोट’ हा शब्द मराठीत आता क्वचितच कानावर पडतो, पण बॅजरला तो अक्षरशः लागू पडतो. कोळसा जाळून वाफेवर चालणारे हे 410 फूट लांबीचे जहाज 1952 मध्ये विस्कॉन्सिनमधील स्टर्जन बे येथे पाण्यात उतरवले गेले आणि 1953 पासून रेल्वेचे डबे सरोवरापलीकडे नेऊ लागले. तो व्यवसाय आटल्यावर 1990 मध्ये बोट थांबली आणि 1992 मध्ये प्रवासी व मोटारी यांच्यासाठी पुन्हा सुरू झाली. 2016 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. कोळशाची राख पूर्वी सरोवरातच सोडली जात असे, आणि ज्या पाण्याच्या सौंदर्यासाठी आपण इतक्या दूर येतो त्याच पाण्याच्या दृष्टीने ती गंभीर बाब होती. 2015 च्या हंगामापासून राख जहाजावरच साठवली जाते, हे समजल्यावरच मी निश्चिंत मनाने तिकिटे काढली.

धक्क्यावर पोहोचल्यावर मोटारीची किल्ली कर्मचाऱ्यांकडे द्यावी लागते. मोटार बोटीत चढवण्याचे काम तेच करतात. प्रवास सुरू असताना मोटारींच्या डेकवर कोणालाही जाता येत नाही, म्हणून औषधे, दुर्बीण आणि विशेषतः गरम कपडे आधीच काढून जवळ ठेवावेत. माझ्या आईची शाल मोटारीतच राहिली होती. किनाऱ्यावर ऐन जुलैतले ऊन असूनही सरोवराच्या मध्यावर वारा इतका गार होता की, पुढच्या डेकवरची आवडीची जागा सोडून तिला आत येऊन बसावे लागले, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते.

दोन्ही किनाऱ्यांमधले सुमारे 60 मैलांचे अंतर कापायला चार तास लागतात. लडिंग्टनच्या लाटारोधक भिंतीच्या टोकाला उभे असलेले पांढरे दीपगृह अगदी जवळून मागे सरते, मग उत्तरेकडच्या वाळूच्या टेकड्या बराच वेळ सोबत करतात, हळूहळू त्यांची एक फिकट रेघ उरते आणि शेवटी तीही पुसली जाते. त्यानंतर कितीतरी वेळ कोणत्याच दिशेला जमीन दिसत नाही. लाटा समुद्रासारख्या, क्षितिज समुद्रासारखे, पण हवेला खारेपणाचा वास मात्र मुळीच नाही. आधीचे चार दिवस आम्ही याच सरोवराच्या काठाने फिरत होतो, तरी ते सुमारे 58,000 चौरस किलोमीटर पसरलेले आहे म्हणजे नेमके काय, हे या वेळी प्रथम उमगले.

आता आखणीविषयी. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे सरोवराला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळसा घातला, तर पाणी सतत आपल्या उजव्या हाताला राहते आणि समोरची रहदारी न ओलांडता हवे तिथे थांबता येते. आम्ही विस्कॉन्सिनच्या बाजूने वर जाऊन यू. एस. 2 या महामार्गाने पूर्वेकडे आलो आणि राज्याची दोन द्वीपकल्पे जोडणारा, 1957 मध्ये खुला झालेला सुमारे आठ किलोमीटरचा मॅकिनॉ पूल ओलांडला. पुढे एम-119 या झाडांच्या कमानीखालून जाणाऱ्या अरुंद रस्त्याने आणि नंतर एम-22 ने दक्षिणेकडे उतरलो. एम-22 ची 116 मैलांची वाट ‘स्लीपिंग बेअर’ या वाळूच्या टेकड्यांच्या राष्ट्रीय क्षेत्रातून जाते. तिथे एक संपूर्ण दिवस द्यावा आणि पिअर्स स्टॉकिंग हा 7.4 मैलांचा फेरा मुळीच चुकवू नये. या क्रमाने लडिंग्टन आपोआपच शेवटी येते.

बोट शेवटी घेण्याचे आणखी एक कारण म्हणजे वेळ. मॅनिटोवॉकचे घड्याळ लडिंग्टनपेक्षा एक तास मागे असल्याने सकाळी नऊला निघालेली बोट तिथल्या दुपारी बाराला पोहोचते, म्हणजे चार तासांचा प्रवास घड्याळात तीनच तासांचा भरतो आणि उरलेली दुपार आपल्या हाती राहते. उलट दिशेने दोनला निघालेली बोट संध्याकाळी सातला पोहोचते. अर्थात त्या प्रवासात मावळतीचे ऊन पाठीशी आणि मिशिगनचा किनारा उजेडात असतो; छायाचित्रांची आवड असणाऱ्याने तो विचार जरूर करावा.

भाडे हा या सेवेचा अवघड भाग आहे. मोटारीचे भाडे वेगळे आणि चालकासह प्रत्येक प्रवाशाचे वेगळे असल्याने, केवळ पलीकडे पोहोचायचे असेल तर शिकागोवरून जाणारा सुमारे 400 मैलांचा रस्ता बहुधा स्वस्त पडेल. परंतु त्या वाटेवर महानगराच्या रहदारीतून मोटार चालवावी लागते, आणि आठवडाभर मोटार चालवून दमलेल्या माणसाला चार तासांची ही सक्तीची विश्रांती किती मोलाची वाटते, हे मी अनुभवाने सांगतो. सेवा साधारण मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालते, म्हणून आधी बोटीची तारीख पक्की करावी आणि मुक्काम त्यानुसार मागे मोजत ठरवावेत. मॅनिटोवॉकला उतरल्यावर लगेच महामार्ग धरू नये. दुसऱ्या महायुद्धात 28 पाणबुड्या बांधणाऱ्या या गावाच्या सागरी संग्रहालयात ‘कोबिया’ ही त्याच काळातील पाणबुडी आतून पाहता येते, आणि तेवढा वेळ हाती असतोच.