बोटीच्या स्पीडोचा ‘नवीन इंपोर्टेड सेन्सर’ आणि माझे ३२ हजार

मुंबईत जुनी शिडाची बोट ठेवणारे आपण मोजकेच लोक, आणि बोटीवरचं इलेक्ट्रॉनिक्स बघणारे त्याहून मोजके. त्यामुळे एखादा माणूस बरं काम करतो असं कळलं की त्याचाच नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये फिरत राहतो, माझ्याकडेही तसाच आला. नाव लिहीत नाही पण त्याची पद्धत पूर्ण लिहितो, कारण हीच पद्धत तो अजून कोणाकडे तरी वापरणार हे नक्की.

बोट २६ फुटी, फायबरची, नव्वदच्या दशकातली, आणि स्पीडोही (वेग मोजणारं यंत्र) तेव्हाचाच. पावसाळ्यात वर काढलेली बोट ऑक्टोबरमध्ये पाण्यात टाकली तर स्पीडोवर नुसता ०.०. आता कोणी म्हणेल फोनमध्ये जीपीएस असताना हा डबा हवाच कशाला. तर जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग सांगतो, आणि शीड नीट ओढलंय का हे कळायला पाण्यातला वेग लागतो. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत ओहोटी एवढ्या जोरात बाहेर जाते की दोन्हीत नॉट-दोन नॉटचा फरक सहज पडतो (१ नॉट म्हणजे तासाला १.८५२ किमी). हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याने याचाच फायदा घेतला.

या स्पीडोची रचना अगदी साधी असते. बोटीच्या तळाला एक भोक, त्यात बाहेरून एक छोटं प्लास्टिकचं चाक, चाकाच्या पात्यांत मॅग्नेट आणि आतल्या बाजूला हॉल सेन्सर, म्हणजे मॅग्नेट जवळून गेला की ते ओळखणारा. पाण्याने चाक फिरलं की प्रत्येक मॅग्नेटमागे एक पल्स वायरीतून वर डिस्प्लेला जाते, डिस्प्ले त्या मोजून वेग दाखवतो. बिघडण्यासारखं फार काही नसतंच, दहातल्या नऊ वेळा चाकावर शेवाळ नाहीतर बार्नेकल (बोटीच्या तळाला चिकटणारे कवचाचे जीव) बसलेले असतात. आपल्या कोमट गढूळ पाण्यात बोट थोडे दिवस उभी राहिली की चाक जाम. सेन्सर आतून ओढून काढायचा, त्या जागी लगेच डमी प्लग, म्हणजे भोक बंद करणारं बूच, बसवायचा (थोडं पाणी आत येतं, घाबरायचं नाही), टूथब्रशने घासायचा, परत लावायचा. ते मी आधीच केलं होतं, चाक भिंगरीसारखं फिरत होतं आणि तरी शून्य, म्हणून तर याला बोलावलं.

तो आला, मीटर काढला, केबिनच्या फळ्या उचलून वायरीला कुठेतरी टोचला आणि लगेच निकाल दिला, ‘सर, सेन्सरची कॉइल जळलीय.’ हॉल सेन्सरला कॉइल नसते हो! ती एक सेमीकंडक्टरची बारीक चिप असते, त्यात जळायला कॉइल येणार कुठून. वरून म्हणे डिस्प्लेचं बोर्डही वीक झालंय, ते पुढच्या सीझनला बघू, आधी सेन्सर घेऊ. मग त्याने बिल्जमध्ये (फळ्यांखालच्या बोटीच्या तळाशी) वायर मधेच कापली आणि सेन्सर घेऊन गेला. सँपल दाखवून तसाच मागवावा लागतो आणि जुना कंपनीला एक्सचेंजमध्ये द्यावा लागतो म्हणे. मग बरेच दिवस कस्टममध्ये अडकलाय, कस्टममध्ये अडकलाय असे मेसेज येत राहिले.

शेवटी एकदाचा तो बबल रॅपमध्ये गुंडाळलेला ‘नवीन इंपोर्टेड’ सेन्सर आला. चकचकीत बॉडी, नवं चाक, नवी ओ रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी). त्याने तो बसवला, बिल्जमध्ये वायरी पिळून काळी टेप मारली, वर जाऊन डिस्प्लेची बटणं बराच वेळ दाबत बसला, कॅलिब्रेशन करतोय म्हणाला. आणि आकडा आला की! बोट मुरिंगला, म्हणजे पाण्यातल्या तिच्या कायमच्या जागी, बांधलेली, बाहेर भर ओहोटी, पाणी खळखळत चाललेलं, आणि डिस्प्लेवर १.८, २.१, २.४. बघून कोणालाही पटेल, कारण पाणी खरंच वाहत होतं. ३२ हजार यूपीआय केले, हातात कच्चं बिल, जीएसटी नंबर नाही.

पहिल्यांदा मांडव्याकडे निघालो तेव्हा स्पीडो ५.८ आणि जीपीएस चारच्या आसपास. फोन केला तर म्हणाला, ‘सर, ते करंटमुळे.’ बघा, सांगतो ते खरंच असू शकतं, म्हणून तर माणूस गप्प बसतो. पण करंट असेल तर उलट फिरून त्याच लाइनवर परत आलं की जीपीएसचा आकडा तेवढाच वाढायला पाहिजे आणि दोन्हीकडची सरासरी काढली की ती स्पीडोच्या जवळ यायला पाहिजे. स्पीडो कॅलिब्रेट करायची हीच तर रीत आहे. इथे परत येतानाही ताळमेळ काही नाही, आकडा आपला वर चढतोय, खाली उतरतोय, परत वर चढतोय. टॅक घेताना, म्हणजे वाऱ्यातून तोंड वळवून दुसऱ्या बाजूला जाताना, बोट वाऱ्यात तोंड करून पार थांबली तरी ६.०. आमचा तांडेल हसायला लागला, म्हणाला साहेब हा तर उभ्या उभ्याच मांडव्याला पोचला.

मुरिंगला परत आलो तेव्हा भरती संपून पाणी अगदी थांबलं होतं आणि स्पीडो ४ दाखवत होता. मग मॅन्युअलची पीडीएफ शोधून काढली. या जुन्या डिस्प्लेमध्ये डीलरच्या सेटिंगमध्ये एक डेमो मोड असतो, बोटींच्या प्रदर्शनात स्टॉलवर खोटे आकडे फिरते ठेवायला, आणि त्यापुढे स्पष्ट लिहिलेलं असतं की हा चालू करू नका. त्याचं ‘कॅलिब्रेशन’ म्हणजे हे. मोड बंद केला, परत ०.०!

आता स्वतःच मीटर घेऊन बसलो. माझ्या सेटमध्ये लाल वायर आणि शील्ड (केबलमधली ग्राउंडची जाळी) यांच्यात ५ व्होल्ट यायला पाहिजेत (दुसऱ्या मेकला वेगळे असतात, मॅन्युअल बघूनच करा), ते होते. मग हिरवी वायर आणि शील्ड यांच्यात मीटर लावून चाक बोटाने हळूहळू फिरवायचं, मीटरने ०, ५, ०, ५ असं नाचलं पाहिजे. बिल्जमधल्या जॉइंटवर मस्त नाचत होतं, म्हणजे सेन्सर चांगला. डिस्प्लेच्या मागे काहीच नाही. आणि डिस्प्ले तपासायला वायरचा एक तुकडा घेऊन सिग्नलची पिन ग्राउंडला टकटक टकटक टेकवली तर आकडा उड्या मारतो, म्हणजे ते ‘वीक बोर्ड’सुद्धा ठणठणीत. राहिली मधली वायर. डिस्प्लेमागच्या हिरव्या वायरीचा लग (वायरीच्या टोकाची धातूची चिमटी) हिरवट भुगा होऊन नुसता लोंबत होता. नवा लग, जेमतेम दहा रुपयांचा. लावला आणि स्पीडो चालू झाला. मुळात बिघाड एवढाच होता आणि त्या माणसाने तिथे हात पण लावला नव्हता.

आणि तो नवा सेन्सर? नवा नव्हताच. या सेन्सरला वायर काढता-घालता येईल असा प्लग नसतो, वायर त्याच्या पोटातूनच पक्की निघते आणि थेट डिस्प्लेपर्यंत जाते. म्हणजे सेन्सर नवा असेल तर त्याच्याबरोबर पुढपर्यंत नवी लांब केबल यायला पाहिजे. माझ्याकडे टेपपासून डिस्प्लेपर्यंत जुनी केबल होती, ते एक वेळ समजू शकतो, सांधलं म्हणू. पण सेन्सरकडचा तुकडाही तसाच जुना, पिवळट पडलेला, फक्त पुसलेला. वर आधीच्या मालकाने पुढची बाजू कळावी म्हणून टोपीवर लाल नेलपॉलिशचा बाण काढला होता, तो याने घासून काढला पण खाचेत लाल रंग राहिला. मागच्या सीझनला साफ करताना काढलेला फोटो फोनमध्ये होता, त्यातला बॉडीवरचा ओरखडा आणि आताचा ओरखडा तंतोतंत एक. माझाच सेन्सर पॉलिश करून, चाक आणि ओ रिंग बदलून मलाच विकला.

दोन्ही फोटो त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवले. आधी ‘गोडाऊनवाल्याने मिक्स केलं असेल’, मग १० हजार परत आले, मग ब्लॉक. बाकीच्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली आहे. तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं. पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद आणि ते ‘कस्टममध्ये अडकलाय’चे सगळे मेसेज जपून ठेवलेत. त्याचे मेसेज डिलीट करू नका, चॅटचा बॅकअप घेऊन ठेवा. आणि कोणी वायर कापायला निघाला तर आधी वर नांगराकडे पाठवा आणि तोवर डिस्प्लेच्या मागचे लग स्वतः बघून घ्या.

परवा शेजारच्या मुरिंगवाल्याचा फोन आला होता. त्याचं वाऱ्याचं इन्स्ट्रुमेंट बंद पडलंय, कोणीतरी बघून गेला, कॉइल जळलीय म्हणे.