मलाक्काला एका दिवसात: टूरची बस की साधी बस?

सिंगापुरातल्या मराठी घरांत हा प्रश्न दरवर्षी एकदा तरी निघतोच. गावाहून आई-बाबा आलेले असतात, सेंटोसा बेट झालेलं असतं, मुस्तफाच्या दुकानात दोनदा जाऊन झालेलं असतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, "मलेशिया एवढा जवळ आहे, एक दिवस जाऊन येऊ या." सरहद्दीपलीकडच्या जोहोर बाहरूला जाऊन पुन्हा मॉलच बघायचे. क्वालालंपूर एका दिवसात करणं म्हणजे शिक्षा. मग उरतं मलाक्का. साधारण २४० किलोमीटर, रस्ता उत्तम, आणि पोचल्यावर पायी फिरण्याजोगं जुनं गाव.

मी दोन्ही तऱ्हांनी गेलोय. पहिल्यांदा बायकोबरोबर साध्या एक्स्प्रेस बसनं, आपलं आपण. दुसऱ्यांदा आई-बाबांना घेऊन गाइडसकट टूरच्या बसनं. प्रत्येकाचा अनुभव वेगळा असणार, त्यामुळे हे एका घराचं मत म्हणून वाचा.

कागदपत्रांचं आधी उरकतो. भारतीय पासपोर्टवर मलेशियात १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे, तेव्हा निघण्याआधी चालू आहे ना ते पाहून घ्या. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, प्रत्येकाचं वेगळं. लोक विसरतात ते परतीचं. तुमच्याकडे इथला वर्क पास असेल तर रस्त्यानं परत येताना सिंगापूरचं तसलंच कार्ड लागत नाही, पण पाहुण्या आलेल्या आई-बाबांना ते पुन्हा भरावं लागतं. शिवाय त्यांचा सिंगापूरचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. टूरवाले हे सगळं आठवण करून करून भरून घेतात. साध्या बसच्या काउंटरवरची बाई फक्त तिकीट देते, आणि ते तिचं काम बरोबरच आहे.

साध्या बसच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. स्वस्त पडते. परतीचं तिकीट मलाक्कात, मलेशियाच्या रिंगिटमध्ये काढलं तर आणखी स्वस्त. तिथे उतरल्यावर कुणी झेंडा घेऊन पुढे चालत नाही. जुन्या गावात हवं तिथे थांबा, नको ते सोडा. आम्ही डच चौकातल्या त्या लालभडक इमारतींपुढे, म्हणजे १७५३ चं ख्राइस्ट चर्च आणि शेजारचं स्टाडह्युस (डचांचं जुनं नगरभवन), जेमतेम दहा मिनिटं थांबलो आणि सगळी दुपार नदीपलीकडच्या गल्ल्यांत काढली. तिथे तुकांग एमास नावाची एक गल्ली आहे. तुकांग एमास म्हणजे सोनार. त्या सोनारगल्लीत आणि तिच्या पुढच्या टोकाला १७८१ चं विनायकाचं देऊळ, त्याच्या आधीची कांपुंग क्लिंग मशीद आणि सतराव्या शतकातलं चेंग हून तेंग हे चिनी देवालय, तिन्ही दोन मिनिटांच्या अंतरात. मशिदीचं छप्पर एकावर एक बसवलेल्या चौकोनी उतरत्या थरांचं आहे, घुमट नाहीच. बायको तिथे अर्धा तास चित्र काढत बसली. टूरमध्ये अर्धा तास चित्र काढत बसता येत नाही.

आणि शुक्रवार ते रविवार संध्याकाळी जोंकर रस्त्यावर जो बाजार भरतो, तो टूरवाल्यांना दिसतच नाही. दुकानं मांडायला लागतात तेव्हा त्यांची बस परतीला लागलेली असते. साध्या बसनं गेलात तर उशिराची गाडी धरता येते. एक मात्र लक्षात ठेवा, साधी बस मलाक्का सेंट्रल या बसस्थानकावर सोडते आणि तिथून जुनं गाव चालत जाण्याइतकं जवळ नाही. टॅक्सी करावी लागते.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मग प्रश्न कसला? प्रश्न सरहद्दीचा.

ज्यांनी हा रस्ता केला नसेल त्यांच्यासाठी: जाताना बसमधून दोनदा उतरायचं. एकदा सिंगापूरच्या बाजूला बाहेर पडण्याची तपासणी, मग बसमध्ये बसून पाणी ओलांडायचं (वुडलँड्सचा कॉजवे, म्हणजे पाण्यातला भरावाचा रस्ता, १९२४ चा, तुआसचा दुसरा पूल १९९८ चा), आणि मलेशियाच्या बाजूला पुन्हा उतरायचं, या वेळी सगळं सामान हातात घेऊन. परतीला हेच उलट. म्हणजे एका दिवसात चार उतरणी, चार चढणी, चार रांगा. रांग कधी दहा मिनिटांची, कधी दीड तासाची. शाळांच्या सुट्ट्या आणि जोडून आलेले शनिवार-रविवार असले तर बोलायलाच नको.

साध्या बसचा नियम असा की ड्रायव्हर ठरावीक वेळ थांबतो आणि निघतो. आमच्या तिकिटामागे बारीक अक्षरांत ते लिहिलेलं होतं, आम्ही अर्थातच वाचलं नव्हतं. मलेशियाच्या खिडकीवर दोन्ही तर्जन्यांचे ठसे घेतात. बायकोचे उमटेनात. पुसून झालं, फुंकून झालं, अधिकाऱ्यानं ओला रुमाल दिला, पुन्हा दाबून झालं. मागची रांग पुढे सरकून शेजारच्या खिडक्यांवर गेली. आम्ही पिशव्या सावरत धावत खाली फलाटावर आलो तर बस नाही. तिथल्या माणसानं अगदी सहज सांगितलं, गेली, पुढची येईल. त्याच कंपनीची पुढची गाडी म्हणजे एक तास दहा मिनिटं. फलाटावर बसायला कठडा, डोक्यावर छप्पर, आणि बसमागून बस येऊन तो डिझेलचा धूर. पुढच्या गाडीत दोन जागा मिळाल्या, पण एक तिसऱ्या रांगेत आणि एक शेवटच्या. मलाक्काला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता.

आता कुणी म्हणेल, हे काय मोठं? खरंच मोठं नाही. आम्ही तिशीतले, पाठीवर एक एक पिशवी. संध्याकाळपर्यंत हसण्यावारी नेलं. पण त्या कठड्यावर बसल्या बसल्या मी मनात एकच हिशेब करत होतो, की इथे माझ्या जागी आई असती तर? तिचे गुडघे, तिची "बाथरूम कुठे आहे रे?" ही दर पाऊण तासाची चौकशी, आणि बस गेली हे कळल्यावरचा तिचा चेहरा.

म्हणून दुसऱ्या वेळी टूर. खर्च आम्हाला साध्या बसच्या तिप्पट पडला, जेवण धरून. सकाळी सातला निघालो आणि मी मनातून तक्रारी तयार ठेवल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा खऱ्याही ठरल्या. गाइड चाळिशीचा, तोंडाळ, सगळ्यांना "अंकल, आंटी" म्हणणारा. मलाही अंकल म्हणाला. वाटेत योंग पेंगला चहा-लघवीचा थांबा, तो ठीक. पण मलाक्कात शिरण्याआधी एका दुकानात चाळीस मिनिटं! पांढरी कॉफी, ड्युरिअनचे पेढेवजा काहीतरी, सांधेदुखीचं तेल. गाइड दाराशी उभा, आणि बस बंद. खरेदीची सक्ती नाही, फक्त दुसरीकडे जायला वाट नाही. मी चिडून बाहेरच्या उन्हात उभा राहिलो. आई-बाबा आत एसीत खुर्च्यांवर बसून फुकटची कॉफी पीत होते. परत निघताना बाबांच्या हातात तेलाची बाटली होती.

शिवाय दुसऱ्यांसाठी थांबावं लागतं, हा टूरचा जुना रोग. दोन मुली ड्युरिअन शोधायला गेल्या आणि पंचवीस मिनिटं आल्याच नाहीत. अडतीस माणसं बसमध्ये घड्याळाकडे बघत.

पण आता सरहद्दीवरचं ऐका. मलेशियाच्या खिडकीवर आईचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं नारळ खवलेली बोटं ती, त्यांवर रेषा उरल्यात कुठे? तोच ओला रुमाल, तीच फुंकर, तोच अधिकारी असावा असंही मला वाटून गेलं. माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात रांगेच्या पलीकडून गाइडनं हात वर करून सांगितलं, "आंटी, स्लो स्लो, बस इज वेटिंग." पंधरा-वीस मिनिटं गेली. खाली आलो तर बस होती, आमच्या जागा होत्या, जागेवर आईची शाल होती. कुणी काही बोललं नाही. ड्युरिअनवाल्या मुलींवर मी नंतर फारसा रागावलो नाही, ते यामुळे असेल.

जागेचं बघाल तर टूर फार थोडं दाखवते. सोनारगल्ली नाही, मशिदीपुढे बसणं नाही. पण टेकडी दाखवते, आणि आमच्यासारख्या गोव्याकडच्या माणसाला तीच पुरे. पायथ्याशी पोर्तुगीज किल्ल्याचं एकच दार उरलंय. पोर्तुगीज आल्बुकेर्कनं १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. त्यानं बांधलेला किल्ला इंग्रजांनी १८०७ च्या सुमारास पाडला, दार तेवढं वाचलं. वर सेंट पॉलच्या चर्चचं छप्पर नसलेलं भग्नावशेष आहे. मूळ देवघर १५२१ चं. भिंतींना टेकवून ठेवलेले माणसापेक्षा उंच डच थडगेदगड, आणि मध्ये जमिनीत जाळी घातलेला रिकामा खड्डा. लोक त्यात नाणी टाकतात.

हा खड्डा म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरची कबर. १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर तो वारला, शव १५५३ मध्ये इथे आणून पुरलं, काही महिन्यांनी काढलं आणि १५५४ मध्ये ते गोव्याला पोचलं. बाबांनी जुने गोव्याचं शवदर्शन दोनदा केलंय, शेजारच्या घरच्यांबरोबर रांग लावून. ते जाळीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे सायब आधी हांगा आशिल्लो?" (सायब म्हणजे झेवियर; तो आधी इथे होता?) बाहेरच्या पुतळ्याला उजवा हात नाही. पुतळा बसवल्यावर लगेच झाड पडून हात मोडला, असं सांगतात. शवाचा उजवा हातही १६१४ मध्ये कापून रोमला नेलाय, ते बाबांना ठाऊक होतं. ते त्यांनी गाइडला सांगितलं, आणि त्यानं पुढच्या गटाला ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

एवढंच, की टेकडीवर आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली. दुकानात जेवढी गेली तेवढीच. हे मला अजून खुपतं. साध्या बसनं गेलो असतो तर बाबा तिथे दोन तास बसले असते. आणि चढून आल्यावर आईला तेवढी विश्रांती बरी पडली असती.

जेवणाचं थोडक्यात. टूरचं जेवण न्योन्या, म्हणजे चिनी-मलय मिश्र पद्धतीचं होतं आणि आमचा नेमका गुरुवार, आईचा शिवराक, म्हणजे शाकाहाराचा दिवस. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून तिच्यासाठी वेगळं आलं, पण नीट बजावून सांगा. इथे पालेभाजीतही बेलाचान घालतात. बेलाचान म्हणजे बारीक जवळा आंबवून केलेला गोळा, आणि आपल्या नाकाला तो लांबूनच कळतो. चेंडोल मात्र दोन्ही वेळा खाल्लं: बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वर माडाचा गूळ. आईनं पहिला चमचा तोंडात घातला आणि विचारलं, "हा आपल्याकडचा गूळ इथे कसा?"

तर, तुम्ही दोघंच असाल, पाय धड असतील, आणि शनिवारी जाऊन रविवारी यायची तयारी असेल, तर साधी बस घ्या. एका मुक्कामात सरहद्दीचा त्रास दोन दिवसांत वाटला जातो आणि जोंकरचा बाजारही मिळतो. एकाच दिवसात परत यायचं असेल तर माझं मन, दुकान धरूनही, टूरकडे झुकतं. साठीपुढचं कुणी बरोबर असेल तर मी दुसरा विचार करणार नाही. फक्त बुक करताना दोन गोष्टी विचारा: दुकानाचे थांबे किती, आणि टेकडीवर चढून जायचंय की पायथ्याशीच फोटो. काही टूर पायथ्याशीच आटपतात. आणि मधला वार घ्या.

फेब्रुवारीत सासू-सासरे येतायत. चिनी नववर्षाची गर्दी ओसरल्यावरच्या एका बुधवारच्या चार सीट मी बघून ठेवल्यात, पुढच्या दाराजवळच्या. सासऱ्यांच्या बोटांना आतापासूनच रोज क्रीम लावायला सांगितलंय.