गुहागरच्या आगरातून दीर्घिकांचे छायाचित्रण: सहा इंची न्यूटोनियन दुर्बिणीचा हंगामभराचा अनुभव

१५० मिलिमीटर व्यासाची आणि ७५० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटोनियन (आरशांची) दुर्बीण, विषुववृत्तीय मोटार-माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार), कोमा करेक्टर (चौकटीच्या कडेचे तारे शेपटीदार दिसू नयेत म्हणून लावायचे भिंग) आणि सोनीचा आयएमएक्स५३३ संवेदक असलेला शीतकरणाचा रंगीत कॅमेरा, असा संच मी पाऊस ओसरल्यापासून मे महिन्यापर्यंत घराच्या आगरातून वापरला. दुर्बिणीविषयी माझे मत चांगले आहे. मात्र चित्रांत दिसलेल्या दोषांपैकी बहुतेकांचे मूळ समुद्राच्या दमट हवेत आणि आपल्या अक्षांशात निघाले, आणि थंड प्रदेशांतील निरीक्षकांसाठी लिहिलेल्या माहितीपुस्तिकेत त्यांचा उल्लेखही नसतो. म्हणून या अनुभवात दोषांनाच अधिक जागा दिली आहे.

या जोडणीत एका पिक्सेलमध्ये आकाशाचा सुमारे १.०३ विकला एवढा भाग येतो आणि संपूर्ण चौकट जवळपास ५२ कलांची होते (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). सिंह राशीतील एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८ हे साडेतीन कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकांचे त्रिकूट तिच्यात ऐसपैस मावते. कन्या राशीच्या सीमेवरील एम १०४ लंडनहून जेमतेम २७ अंश वर येते, ती गुहागरहून ६१ अंशांपर्यंत चढते. वासुकीतील एम ८३ सुद्धा ४३ अंश उंची गाठते. उलट सप्तर्षींतील एम ८१ आणि एम ८२ येथून ३८ अंशांपलीकडे जात नाहीत, त्यामुळे त्यांची चित्रे नेहमीच थोडी मऊ येतात आणि त्याचा दोष आरशाला देण्यात अर्थ नाही.

सर्वांत मोठा शत्रू दव. न्यूटोनियन दुर्बिणीचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित राहतो, पण दुय्यम आरसा आणि गाइड दुर्बिणीचे (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल दुरुस्त करणाऱ्या छोट्या दुर्बिणीचे) भिंग उघड्या आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून हवेच्या दवबिंदू तापमानाखाली जातात, आणि किनाऱ्यावर ती वेळ मध्यरात्रीच्या कितीतरी आधी येते. पहिले लक्षण असे की पीएचडी२ या गाइडिंगच्या संगणक प्रणालीमध्ये गाइड तारा हळूहळू मंदावतो. त्यानंतर मुख्य चित्रात तेजस्वी ताऱ्यांभोवती धुरकट वलय दिसू लागते आणि प्रत्येक चित्रागणिक मोजल्या जाणाऱ्या ताऱ्यांची संख्या घटते. विरळ ढग आला तरी संख्या घटते, पण ढग सरकताच ती पूर्ववत होते. दवामुळे झालेली घट मात्र वाढतच जाते. यावर दुय्यम आरशामागे १२ व्होल्टची तापनपट्टी लावणे हाच खात्रीचा उपाय आहे. तिची तार दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या आधारपात्यांपैकी एकाच्या मागे अचूक लपवावी लागते, अन्यथा ती प्रकाश विवर्तित करून तेजस्वी ताऱ्यांना नसलेली किरणे जोडते. नव्याने खरेदी करणाऱ्याने महाग फिल्टर घेण्यापूर्वी या पट्ट्या घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

कॅमेऱ्याच्या आतही हाच ओलावा त्रास देतो. चित्राच्या मध्यभागी असा डाग दिसला की जो फ्लॅट चित्रांनी (धूळ आणि कडेचा अंधार काढण्यासाठी घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या चित्रांनी) जात नाही आणि तापमान वाढवले की नाहीसा होतो, तर तो संवेदकाच्या खिडकीवरचा हिमकण समजावा आणि आतील शोषक गोळ्या बदलाव्यात. रात्रीचे तापमान २५ अंशांच्या आसपास असताना उणे ५ अंश पुरेसे ठरतात. उणे १० चा हट्ट धरल्यास शीतकरण सतत पूर्ण क्षमतेवर चालते.

ध्रुवतारा येथे क्षितिजापासून साडेसतरा अंशांवरच असतो आणि माडापोफळींच्या आगरात तो दिसण्याची शक्यता फार थोडी. त्यामुळे माउंटमधून ध्रुवतारा पाहण्याच्या ध्रुवदर्शक दुर्बिणीचा उपयोग होत नाही. नीना या मोफत संगणक प्रणालीतील तीन बिंदूंची पद्धत आकाशाच्या मोकळ्या भागावरून ध्रुवसंरेखन, म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखण्याचे काम, करून देते आणि ती या संचाचा सर्वांत मोठा आधार ठरली. आपल्या अक्षांशात हा अक्ष इतका आडवा होतो की प्रतिभाराचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो, म्हणून माउंट चिऱ्याच्या चौथऱ्यावरील उंच लोखंडी खांबावर बसवणे श्रेयस्कर.

तारे लांबट दिसले तर कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी ते चौकटीत कोठे लांबट आहेत हे पाहावे. सर्वत्र एकाच दिशेने ताणलेले असतील तर कारण वारा, गाइडिंग किंवा गाइड दुर्बिणीची सैल बैठक. चारही कोपऱ्यांत केंद्राच्या रोखाने ताणलेले असतील तर करेक्टर आणि संवेदक यांतील अंतर चुकले आहे. माझ्या करेक्टरला ५५ मिलिमीटर लागतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीनेही फरक दिसतो. एकाच कोपऱ्यात असतील तर कॅमेरा तिरका बसला आहे. तारे त्रिकोणी दिसले तर मुख्य आरशाच्या पकडी जरा सैल कराव्यात, कारण आवळलेल्या पकडी काच वाकवतात.

सिरिल या चित्रसंस्करण प्रणालीमध्ये चित्रे एकत्र केल्यावर पार्श्वभूमीवर तिरक्या रेघा पडल्या तर त्या संवेदकाच्या स्थिर गोंगाटाच्या (त्याच पिक्सेलांवर कायम राहणाऱ्या दोषांच्या) असतात आणि आकाश चौकटीत संथपणे सरकल्याने उमटतात. दर दोन-तीन चित्रांनंतर दुर्बीण काही पिक्सेल हलवण्याची सोय चालू केली की त्या विरून जातात. फ्लॅट वापरल्यावर धुळीची काळी वर्तुळे उजळ होऊन उमटली तर बहुधा मुख्य आरशामागून प्रकाश शिरतो आहे. नळीचा तो भाग काळ्या कापडाने झाकावा.

डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्रीचे मतलई वारे जमिनीकडून कोरडी हवा आणतात आणि तेव्हाचे आकाश फार सुंदर असते. नेमक्या दीर्घिकांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, भाजावळीचा धूर पसरून पार्श्वभूमी उजळते. दीर्घिकांचा प्रकाश हा ताऱ्यांचाच, सर्व रंगांचा असल्याने मोजकेच रंग येऊ देणारा अरुंद पट्ट्याचा फिल्टर येथे कामी येत नाही. अधिक तास चित्रे घेणे आणि खराब चित्रे निर्दयपणे वगळणे एवढेच हाती उरते. एनजीसी ३६२८ ची सुमारे तीन लाख प्रकाशवर्षे लांबीची फिकट शेपटी अशा वगळणीनंतरच उठून दिसली, आणि त्या चित्रासाठी मला हा संच मोलाचा वाटतो.

खाऱ्या हवेमुळे स्क्रू गंजतात, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे करून घ्यावेत. आरसा कोरड्या कापडाने कधीही पुसू नये, मिठाचे कण लेपावर ओरखडे काढतात. ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन तो उभा करून वाळवावा. जूनपूर्वी आरसे, कॅमेरा आणि करेक्टर सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावेत आणि जेलचा रंग बदलताच ते तापवून पुन्हा वापरावे.