घरबसल्या डायऱ्या बनवायचं काम घेतलं आणि ५८,०९० रुपये गेले

मी नाशिकची. नऊ वर्षं घरी कापड आणि कागदाच्या वस्तू बनवते. खणाच्या डायऱ्या, जुन्या साडीच्या काठाची आहेराची पाकिटं, चहाच्या पाण्यात रंगवलेल्या कागदाच्या वह्या. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुने काठ शोधत फिरणं हा माझा आवडीचा उद्योग. हे आधीच सांगते, कारण झालेला प्रकार ज्याला ज्याला सांगितला त्याने पहिलं हेच विचारलं, "तुम्हाला या कामातलं कळत नव्हतं का?" कळत होतं. सगळं कळत होतं, म्हणूनच रात्री झोप लागत नाही.

फेब्रुवारीत आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली. कच्चा माल कंपनीचा, बनवायचं आपण, एका डायरीला ९० रुपये, डिपॉझिट काम संपल्यावर परत. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पापड, अगरबत्ती, पेन्सिल पॅकिंग, असल्या स्कीमांच्या गोष्टी मीही ऐकल्या होत्या. पण ते सगळं फोनवरचं, परगावचं. इथे ऑफिस होतं, दोन मुली कामाला होत्या, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, सर्टिफिकेट होतं. २०२७च्या सिंहस्थाला येणाऱ्या लोकांसाठी नाशिकची आठवण म्हणून भेटवस्तू, पैठणीच्या काठाची डायरी, मोठी पार्टी आहे, असं ते ऑफिस चालवणारा माणूस सांगत होता. आज नाशकात रिक्षावाल्यापासून बिल्डरपर्यंत प्रत्येकजण सिंहस्थाच्या हिशेबाने बोलतोय. मला ते खोटं वाटायला कारणच नव्हतं.

त्या सर्टिफिकेटचं मात्र ऐकून ठेवा. उद्यम नोंदणी फुकट होते आणि माहिती आपली आपणच भरायची असते. माझ्या स्वतःच्या नावाचं आहे, मी मोबाईलवर बसून काढलंय. तरी दुसऱ्याच्या भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये बघितलं आणि विश्वास बसला.

नोंदणी फी १,१८० रुपये. हजार फी आणि १८० जीएसटी असं पावतीवर छापलेलं, पण जीएसटी नंबर कुठेच नाही. तो विचारायचा असतो. नंबर दिला तर जीएसटीच्या साइटवर टाकून बघता येतो, कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. मी पावती घडी करून पर्समध्ये टाकली. पहिल्या २५ डायऱ्यांच्या किटचं डिपॉझिट ६,५०० रुपये.

किट घरी आणून उघडलं. 'येवल्याच्या पैठणीचे काठ' म्हणून दिलेल्या पट्ट्या हातात घेतल्या घेतल्या बोटांना कळलं. तरी एक धागा काढून गॅसवर धरला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. हा धागा वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. पॉलिस्टर. मी फोन केला तर म्हणाला, "ताई, सॅम्पलचा माल आहे, ऑर्डरला ओरिजिनल येईल." मी म्हटलं, बरं.

दुसरी गोष्ट डिझाइनची. पुठ्ठ्याला बाहेरून कापड लावायचं आणि आतली बाजू कोरी ठेवायची, असं त्यांचं छापील माहितीपत्रक होतं. डायरी बनवणाऱ्या बायकांना सांगायला नको, पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओल्या फेव्हिकॉलने काही चिकटवलं की वाळताना ते आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. कव्हर नावेसारखं वर येतं. म्हणून आतून कागद लावून ओढ सारखी करायची आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. मी हे त्याला तोंडावर सांगितलं. "पार्टीला असंच पाहिजे," म्हणाला. मार्च महिना, कोरडी हवा, त्यात मी वर पाटा ठेवून वाळवल्या, म्हणून पहिल्या २५ तग धरून राहिल्या. त्याने सगळ्या पास केल्या. २,२५० रुपये त्याच संध्याकाळी फोनपेवर आले. मिस्टरांना स्क्रीनशॉट दाखवला. त्यांचा ओव्हरटाइम डिसेंबरपासून बंद होता, घरात दोन फिया भरायच्या होत्या. ते पैसे बघून आम्हाला दोघांनाही जरा हायसं वाटलं होतं.

आता जे सांगते ते मला सगळ्यात जास्त सलतंय.

एप्रिलमध्ये मोठ्या ऑर्डरची सही करायला गेले. तो आत फोनवर बोलत होता, मी बाहेर बाकावर. समोरच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत गोण्या होत्या, आणि दारालगतच्या गोणीच्या तोंडाला निळी पट्टी बांधलेली. मी सुतळी वापरत नाही, कागदाला काचते. फाटलेल्या साड्यांच्या पट्ट्या करून ठेवते. ती पट्टी माझ्या आईच्या इरकलीची होती, पदराजवळ वाळवीने खाल्लेल्या साडीची. दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली. माझी गाठ, जशी मी बांधली होती तशी, कोणी बोटही न लावलेली.

महिना झाला होता. माल मुंबईला पार्टीकडे गेला, आवडला, म्हणून तर मोठी ऑर्डर आली, असं तो सांगत होता. आणि माझी गोणी उघडलेलीसुद्धा नव्हती. म्हणजे त्याने 'तपासून पास' केलेल्या डायऱ्या त्याने बघितल्याच नव्हत्या. डायऱ्या त्याला नकोच होत्या. त्याचा धंदा डिपॉझिटचा होता आणि माझे २,२५० हा त्याचा खर्च होता.

हे मी आज लिहू शकते. तेव्हा त्या बाकावर बसून मी स्वतःला समजावलं की दुसऱ्या कोणाची निळी पट्टी असेल, नाहीतर रिकामी गोणी परत आली असेल. रिकामी गोणी गाठीसकट कशी परत येईल? उठून दोन पावलं जाऊन हात लावला असता तर ४८,००० रुपये वाचले असते. पण मी सही करायला आले होते, पैसे तयार होते, आणि परक्या माणसाच्या खोलीत डोकावणं मला बरं दिसेना. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय ना, बरं दिसत नाही. बायांनो, डोकवा. खोलीत जा, गोणी उघडा, विचारा.

४०० डायऱ्या. डिपॉझिट ४८,०००. त्यातले २०,००० साठवलेले आणि २८,००० पोस्टाची आरडी मोडून. आरडी मुलीच्या नावाने चालू केली होती. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार, इंग्रजीत. त्यात सातव्या नंबरला लिहिलं होतं की १० टक्क्यांपेक्षा जास्त माल नापास झाला तर सगळा लॉट रद्द आणि डिपॉझिट जप्त. मला इंग्रजी वाचता येतं. मी ते वाचलंही होतं. माझं काम नापास होईल असं मला वाटलंच नाही, नऊ वर्षांत माझी एक डायरी परत आलेली नव्हती.

दोन महिने घरात चालायला जागा नव्हती. शिलाईला दोघी बायका घेतल्या, त्यांना ३,२०० दिले. फेव्हिकॉल कमी पडलं, ते १,४६० चं स्वतः आणलं. 'ओरिजिनल' काठ आलेच नाहीत, तेच पॉलिस्टर. २२ जूनला माल पोचवला. पाऊस सुरू झालेला, आतून कोरा पुठ्ठा, व्हायचं तेच झालं. ४ जुलैला मेसेज आला, ३१० नग नापास, कारण 'कव्हर वाकलेले'. म्हणजे जे होणार म्हणून मी त्याला आधी सांगितलं होतं, तेच कारण लावून त्याने माझं डिपॉझिट जप्त केलं. ते डिझाइन चुकून तसं झालेलं नव्हतं. पावसाळ्यापर्यंत थांबायचं, एवढंच त्याला करायचं होतं. १९ जुलैला मी मिस्टरांना घेऊन गेले तर शटर बंद, फोन बंद.

हिशेब मांडते, कोणी फुगवून सांगतेय म्हणायला नको. १,१८० अधिक ६,५०० अधिक ४८,००० म्हणजे ५५,६८०. वर मजुरी आणि फेव्हिकॉलचे ४,६६०. एकूण ६०,३४०. त्यातून मिळालेले २,२५० वजा. ५८,०९० रुपये. दोन महिन्यांचं माझं जागरण यात धरलेलं नाही.

आता तक्रारीचं. पोलीस स्टेशनला गेले. करार बघितला आणि म्हणाले, "सही तुमचीच आहे ना? मग हा दिवाणी मामला, कोर्टात जा." दुसऱ्यांदा गेले तर म्हणे ऑफिस आमच्या हद्दीत येत नाही. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती लिहून घ्यायची. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांना माहीत असायला हवं होतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा साधा अर्ज घेतला, शिक्का मारून एक प्रत हातात दिली. तो एफआयआर नाही, हे मला घरी आल्यावर भाच्याने सांगितलं. आणि तिथल्या एका हवालदाराने मिस्टरांसमोर विचारलं, "घरात विचारून केलं होतं का?" माझं वय ४३ आहे. पैसे माझे होते, कष्ट माझे होते. चोरी त्याने केली आणि खाली मान घालून उभी मी होते.

बँकेत गेले. "तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार?" काउंटरवरच्या मुलीने मान वर करूनही बघितलं नाही. उद्योगाशी संबंधित एका सरकारी ऑफिसात गेले, म्हटलं त्या सर्टिफिकेटच्या नंबरवरून माणूस तरी शोधा. या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब मीटिंगला, मंगळवारी या, मग "ही नोंदणी स्वयंघोषित असते मॅडम, आमची जबाबदारी नाही". मग ती लोकांच्या भिंतीवर कशासाठी लटकते? रिक्षाला १,१०० रुपये घालवून मला सगळीकडून एकच उत्तर मिळालं, की चूक तुमची. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत आहे, ३१८. ते वापरायला कोणी तयार नाही, कारण रक्कम त्यांच्या दृष्टीने छोटी आहे.

तुमच्या बाबतीत असं झालं तर माझ्यासारखी शरमेने पंधरा दिवस गप्प बसू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत निघून जातात. पोलीस स्टेशनला घेतलं नाही तर तीच तक्रार लेखी, वरिष्ठांच्या नावाने, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. मी आयुक्तालयात तशी पाठवली आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. 'तुम्ही धंदा करता, तुम्ही ग्राहक नाही' असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पोटापाण्यासाठी स्वतः काम करणाऱ्याला कायद्याने त्यातून सूट दिलेली आहे. चॅट डिलीट करू नका. मी रागाच्या भरात त्याचा नंबर ब्लॉक करून अर्धं चॅट उडवलं, ते आता नडतंय.

एक लिहायचं टाळत होते. आमच्या गटातल्या एका वहिनींना मीच तिथे नेलं होतं. माझे २,२५० बघून त्या तयार झाल्या. त्यांचे ७,६८० गेले. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट माझ्यासाठी चहा ठेवला. मी त्यांना महिन्याला १,००० परत देतेय, तीन हप्ते झाले.

गेल्या आठवड्यात गाळ्याच्या मालकाने थकलेल्या भाड्यासाठी शटर उघडलं. आम्ही सहा जणी गेलो होतो. आत छतापर्यंत गोण्या. माझ्या ४०० डायऱ्या तिथेच, निळ्या पट्टीची गोणीही तिथेच, गाठ तशीच. भाडं मिळेपर्यंत काही नेऊ देणार नाही म्हणून मालकाने पुन्हा कुलूप लावलं. गोण्यांवर खडूने नावं होती. आमच्या सहा जणींशिवाय अजून निदान वीस बायकांची. एक सिन्नरची आहे, दोघी ओझरच्या, गोण्यांवर गावं लिहिली होती. तुमची गोणी, तुमची पावती, तुमचं नाव त्यात असेल तर गप्प बसू नका, आपापल्या बचत गटात विचारा. आम्ही सगळ्या मिळून एकच तक्रार देणार आहोत. पावती फाडून टाकली असेल तरी या, फोनपेची नोंद पुरते.