व्हीएमवेअर ते प्रॉक्समॉक्स: परीक्षा, स्थलांतर आणि ८ वरून ९

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिनिंग कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. तीन सर्व्हर आहेत आणि त्यांवर ईआरपी, टॅली, हजेरीचं सॉफ्टवेअर, डिझाइनवाल्यांचा फाइल सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर). हे सगळं आधी व्हीएमवेअर व्हीस्फिअर ७ वर चालायचं. एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले वेगळे संगणक, चालवणारं हे सॉफ्टवेअर; पुढे ‘मशीन’ म्हणजे हेच संगणक. आता वर्षाहून जास्त काळ प्रॉक्समॉक्स व्हीई या त्याच कामाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. सुरुवात आठव्या आवृत्तीवर केली, सध्या नववी चालू आहे. ज्यांच्यापुढे हाच निर्णय आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

बदललं का, तर कारण सरळ आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली. आता वर्षाची वर्गणी, तीही प्रोसेसरमधल्या कोअरच्या (काम करणाऱ्या भागांच्या) संख्येवर, आणि एका प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरले जातात. आमचे प्रोसेसर ८ कोअरचे. म्हणजे जे कोअर आमच्याकडे नाहीतच त्यांचेही पैसे. त्यात व्हीस्फिअर ७ चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. आकडे मालकांसमोर ठेवले, त्यांनी पाच मिनिटांत होकार दिला.

या बदलाआधी मी व्हीसीपी-डीसीव्ही हे व्हीएमवेअरचं प्रमाणपत्र केलं होतं. ७० प्रश्न, १३५ मिनिटं, पास व्हायला ३०० गुण. आता व्हीएमवेअरच नाही तर ते सर्टिफिकेट वाया गेलं का, असं बरेच जण विचारतात. अजिबात नाही. एक सर्व्हर बंद पडला तर उरलेल्यांनी त्याचा भार पेलायला किती रॅम मोकळी ठेवायची, व्हीएलएएन (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग) कसे काढायचे, स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची नोंद) म्हणजे बॅकअप का नव्हे, हे सगळं मी त्या अभ्यासात शिकलो आणि आज रोज वापरतो. उलट प्रॉक्समॉक्सवर ते जास्त लागतं. व्हीस्फिअरमध्ये ॲडमिशन कंट्रोल लावलं की राखीव जागा खाणारं मशीन ते सुरूच होऊ देत नाही. प्रॉक्समॉक्स असं अडवत नाही, तो हिशेब आपणच ठेवायचा.

पण त्या परीक्षेत पर्याय निवडायचे असतात. रेड हॅटच्या आरएचसीएसए या लिनक्स परीक्षेसारखं चालू मशीनवर काम करून दाखवायचं नसतं. आणि प्रॉक्समॉक्सला नेमकं तेच लागतं, कारण आत सगळं डेबियन लिनक्स, केव्हीएम (व्हर्च्युअल मशीनसाठी) आणि एलएक्ससी (कंटेनरसाठी, म्हणजे पूर्ण मशीनपेक्षा हलक्या कप्प्यांसाठी) आहे. वेब स्क्रीन छान आहे, पण अडचण आली की टर्मिनल उघडावंच लागतं. ज्यांना लिनक्सची कमांड लाइन नको आहे त्यांनी हे घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

शिकण्यासाठी महागडी लॅब लागत नाही. ६४ जीबी रॅमच्या एका जुन्या वर्कस्टेशनवर प्रॉक्समॉक्स टाकलं, त्याच्या आत तीन व्हर्च्युअल मशीनवर पुन्हा प्रॉक्समॉक्स टाकलं आणि त्यांचं क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा गट, बांधलं. मग मुद्दाम एकेक नोड (गटातला सर्व्हर) बंद करत गेलो. कोरम म्हणजे काय ते तिथे खरं समजलं. तीनपैकी दोन नोड गेले की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही. त्यावर चालू असलेली मशीन चालत राहतात, पण सेटिंगची फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती उरते, नवं मशीन सुरू करता येत नाही. आणि त्या नोडवर एचए (नोड पडला की मशीन दुसऱ्या नोडवर आपोआप सुरू करायची सोय) लावलेली मशीन असतील तर वॉचडॉग हा पहारा ठेवणारा टायमर साधारण मिनिटभरात तो नोडच रीबूट करतो. हे पहिल्यांदा कामाच्या सर्व्हरवर पाहायची वेळ कुणावर येऊ नये. दोनच सर्व्हर असणाऱ्यांनी तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस नक्की लावावं, छोटं रास्पबेरी पायसुद्धा पुरतं. नोडमधले संदेश नेणाऱ्या कोरोसिंकसाठी नेटवर्कचा वेगळा पोर्ट द्यावा, बॅकअपच्या गर्दीत त्याचे संदेश अडकायला नकोत.

व्हीएमवेअरवरून मशीन आणायला इम्पोर्टची सोय आतच आहे. ईएसएक्सआय सर्व्हर (ज्यावर व्हीएमवेअरची मशीन चालतात तो) स्टोरेज म्हणून जोडायचा, मशीन निवडायचं, आणायचं. लिनक्सची मशीन सहज आली. विंडोजसाठी क्रम पाळावा लागतो: आधी स्नॅपशॉट काढून टाका, व्हीएमवेअर टूल्स काढा, आयपी पत्ते लिहून ठेवा, कारण नेटवर्क कार्ड बदललं की स्थिर आयपी जुन्या, आता नसलेल्या कार्डाला चिकटून राहतो. डिस्क आधी साटा या नेहमीच्या जोडणीवर ठेवून बूट करा, व्हर्टआयओ या व्हर्च्युअल मशीनसाठीच्या वेगवान जोडणीचे ड्रायव्हर टाका, एक छोटी रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडून विंडोजला ती दिसते का पाहा, मगच मुख्य डिस्क बदला. टॅलीचा सर्व्हर मी शेवटी ठेवला आणि महिनाअखेर टाळली.

आता अपग्रेड. प्रॉक्समॉक्स ९ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, डेबियन १३ वर. मी लगेच हात लावला नाही, आधी लॅबमध्ये पूर्ण करून पाहिलं. पद्धत अशी: सगळे नोड ८.४ च्या ताज्या अवस्थेला आणायचे, मग पीव्हीई-८-टू-९ ही तपासणीची स्क्रिप्ट चालवायची. ही स्क्रिप्ट मला या सॉफ्टवेअरमधली सर्वांत जबाबदारीने लिहिलेली गोष्ट वाटते. काहीही न बदलता काय काय आडवं येईल ते सांगते. आमच्याकडे उबुंटू १६.०४ चा एक जुना कंटेनर होता. नवव्या आवृत्तीत सीग्रुपची (कंटेनरला किती रॅम-प्रोसेसर द्यायचा ते सांभाळणारी) जुनी पद्धत काढून टाकली आहे, त्यामुळे इतक्या जुन्या सिस्टमडीचे (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) कंटेनर चालत नाहीत. तो आधीच पूर्ण व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवला. ग्लस्टरएफएस (अनेक सर्व्हरवर पसरलेलं स्टोरेज) वापरणाऱ्यांनीही थांबून विचार करावा, त्याचा आधार नवव्यात नाही. सेफ हे तशाच प्रकारचं दुसरं स्टोरेज वापरणाऱ्यांना आधी त्याच्या स्क्विड आवृत्तीवर जावं लागतं.

नव्या कर्नलमुळे (लिनक्सचा गाभा) नेटवर्क कार्डांची नावं बदलू शकतात आणि मग रीबूटनंतर नोड नेटवर्कवर दिसतच नाही. नावं आधी पक्की करून घ्या, त्यासाठी साधन दिलेलं आहे. आणि अपग्रेड वेब स्क्रीनमधल्या शेलवरून करू नका, मधेच ते तुटतं. सर्व्हरच्या आयपीएमआय कन्सोलवरून (दुरून सर्व्हरचा स्क्रीन-कीबोर्ड वापरायची सोय) किंवा एसएसएचमध्ये टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) उघडून करा.

आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते, म्हणून काम गुरुवारीच घेतलं. मात्र एमआयडीसीत देखभालीसाठी वीजही बहुधा गुरुवारीच बंद ठेवतात, त्यामुळे जनरेटरचं डिझेल आधी पाहून घेतलं. नोडवरची मशीन दुसरीकडे हलवायची, तो नोड अपग्रेड करून रीबूट करायचा, मग पुढचा. जुन्या आवृत्तीवरून नव्यावर चालू मशीन हलवता येतं. उलट्या दिशेची खात्री नाही, म्हणून पहिल्या नोडवर आधी बिनमहत्त्वाची मशीन टाकून दिवसभर पाहिली. व्हीस्फिअरमध्ये आधी व्हीसेंटर (सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारा सर्व्हर) आणि मग ईएसएक्सआय हा अपग्रेडचा क्रम असतो. इथे व्हीसेंटरसारखा वेगळा सर्व्हरच नाही, कुठल्याही नोडवरून सगळं क्लस्टर दिसतं. छोट्या जागी हा मोठा दिलासा आहे.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरबद्दल मी मनापासून खूश आहे. मशीन चालू असताना फक्त बदललेले भाग जातात, एकसारखे तुकडे एकदाच साठतात. परत आणताना पूर्ण डिस्क उतरण्याआधीच मशीन सुरू करता येतं.

कमतरता आहेत. व्हीस्फिअरच्या डीआरएससारखं भार पाहून मशीन आपोआप हलवणं मी वापरतो त्या आवृत्तीत नाही. सॅनवरच्या (सगळ्या सर्व्हरना जोडलेलं सामायिक स्टोरेज) साध्या एलव्हीएमवर (लिनक्सची डिस्क विभागण्याची पद्धत) स्नॅपशॉट नवव्यात आले, पण ९.० मध्ये ते अजून चाचणीच्या स्वरूपात होते. ज्यांच्याकडे फायबर चॅनेलचं महाग स्टोरेज आहे त्यांनी हे आधी तपासावं. वर्गणी प्रोसेसर सॉकेटवर आहे. फुकटची रिपॉझिटरी (अपडेट जिथून येतात ती जागा) चालते, पण कारखान्याचं काम ज्यावर आहे तिथे मी पैसे भरून एंटरप्राइझ रिपॉझिटरी घेतली.

प्रॉक्समॉक्सचं अधिकृत प्रशिक्षण आहे, ते केल्याचं प्रमाणपत्रही मिळतं. पण नोकरीच्या जाहिरातीत व्हीसीपीला जी ओळख आहे ती त्याला अजून नाही. आमच्याकडे आलेल्या नव्या मुलाला मी म्हणूनच आधी आरएचसीएसएचा अभ्यास करायला सांगितलाय, आणि त्या जुन्या वर्कस्टेशनवरची लॅब त्याच्या हाती दिली आहे. आठव्या आवृत्तीवर असलेल्यांनी मात्र फार थांबू नये, तिचा सपोर्ट ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे.