चीजसोबत चहा कोणता: दुधाचा, कोरा की हिरवा?

तालुक्याच्या बाजारात आता चीजचे क्यूब आणि स्लाइस सहज मिळतात, एखाद्या मोठ्या दुकानात चेडारचा तुकडाही दिसतो. त्यामुळे संध्याकाळच्या चहासोबत शेव-चिवड्याऐवजी चीज ठेवून पाहावे असे ज्यांच्या मनात असेल, त्यांनी चीजच्या आधी चहा ठरवावा, कारण बेत बिघडतो तो बहुधा चहामुळेच.

गंजात भुकटी, साखर, आले आणि म्हशीचे दूध घालून उकळलेला आपला नेहमीचा चहा चीजला सर्वांत कमी मानवतो. चहाचा तुरटपणा ज्या टॅनिनमुळे येतो, ते टॅनिन दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटते. चीजमध्येही केसीन आणि स्निग्धांश भरपूर असल्याने कोऱ्या चहाच्या गरम घोटाबरोबर जिभेवर बसलेला चीजचा थर सुटतो व पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. दुधाच्या चहातील टॅनिन मात्र गंजातच दुधात गुंतलेले असते. चीजसाठी फारसे उरत नाही आणि तोंडात साखरेसकट जडपणा तेवढा राहतो. वऱ्हाडी पाहुण्यापुढे कोरा चहा ठेवणे जिवावर येते, हे मान्य. पण ज्याला दुधाचाच चहा हवा त्याला चिवडा द्यावा.

कोऱ्या चहात आसाम आणि दार्जिलिंग यांपैकी निवड करायची झाल्यास माझा कौल आसामला आहे. घरात असलेली दाणेदार भुकटी पुष्कळदा आसामचीच किंवा आसाम मिसळलेली असते, म्हणजे वेगळी खरेदीही करावी लागत नाही. पाण्याला उकळी आल्यावर गंज उतरवावा, कपामागे एक सपाट लहान चमचा भुकटी टाकावी आणि तीन मिनिटे झाकून गाळावे. भुकटी उकळत ठेवल्यास चहा कडू होतो. खारट क्यूब किंवा मुरलेले चेडार यांच्यापुढे हाच दणकट चहा टिकतो, शिवाय चीजमधील मिठामुळे त्याचा उरलासुरला कडवटपणाही कमी जाणवतो. दार्जिलिंगचा चहा, विशेषतः मे-जूनच्या दुसऱ्या तोडणीचा, द्राक्षासारख्या सुगंधासाठी नावाजलेला आहे. पण तो सुगंध नाजूक असल्याने चेडारखाली दबतो. सौम्य चवीचे गौडा चीज मिळत असेल तरच हा खर्च करावा. क्यूबसोबत तो वाया जातो.

हिरव्या चहाची जोडी मी घरच्या पनीरशी लावीन. दूध फाडून केलेले ताजे पनीर हेही एक न मुरवलेले चीजच आहे, आणि त्याच्या गोडसर, जवळजवळ अळणी चवीला आसामचा चहा गिळून टाकतो. हिरव्या चहाचे पाणी ७५ ते ८० अंशांचे असावे. थर्मामीटर नसल्यास उकळलेले पाणी थंड पितळी लोट्यात ओतून काही मिनिटे थांबावे आणि मगच पत्तीवर घालावे. पनीरवर सैंधव आणि ताजी मिरपूड एवढे पुरते. परसातला गवती चहाही पनीरसोबत छान लागतो. मात्र ते चहाचे झाड नसून सुगंधी गवत आहे, त्यामुळे खऱ्या चहाचा तुरटपणा त्याच्याकडून अपेक्षू नये.

ब्री किंवा निळ्या बुरशीचे चीज यांचा विचार आपल्याकडे सध्या नको. भारनियमनात फ्रिज बंद राहिला की ती लगेच बिघडू लागतात.

चीज खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवावे असे सांगितले जाते, ते थंड प्रदेशासाठी ठीक. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाकडे गेलेला असताना, आमच्या ओसरीवर ठेवलेल्या चेडारच्या फोडींवर थोड्याच वेळात तेलाचे बारीक मणी उभे राहिले आणि कडा मेणासारख्या लिबलिबीत झाल्या. तेव्हा उन्हाळ्यात चहा गाळून झाल्यावरच चीज कापावे.